पुतणीच्या नावापुढचा शेरा

काका,

तुझं तेरावं उरकलं. पाहुणे आपापल्या बसनं गेले. काकी आत जरा आडवी झालीय. मी व्हरांड्यात तुझ्या बाकावर बसून हे लिहितेय. पाऊस पडतोय की थांबलाय ते कळत नाही. इथल्या उंचावरच्या क्युरपिपचा पाऊस कधी सरळ बोलत नाही, असं तू म्हणायचास. बेटाच्या उत्तरेला, पितोंच्या उन्हात वाढलेला माणूस तू. इथे एवढी वर्षं काढलीस, पण कानावरचा मफलर काही सुटला नाही.

चहाच्या मळ्यात चाळीस बायकांची टोळी तुझ्या हाताखाली होती आणि मी त्यांतली एक. मळ्यात शिरलं की 'सरदार, तुम्ही' आणि घराच्या फाटकात पाय ठेवला की 'काका, तू', हा नियम तूच घालून दिलेला. पहिल्याच सकाळी मी तो विसरले. "काका, माझी टोपली कुठं ठेवू?" असं सगळ्या बायकांसमोर ओरडले. तू ऐकूच आलं नाही असं दाखवत पुढे निघालास. मी टोपली घेऊन तशीच उभी. शेवटी शेजारी उभ्या रोझमेनं मला कोपरानं ढोसलं. "दिर सरदार, तिफी." सरदार म्हण, पोरी. मी म्हटलं, आणि तू लगेच वळलास. "हां, तिकडं त्या दगडावर ठेव."

आज मी 'काका, तू' असंच लिहिणार आहे. पण बोलायचंय ते त्या सरदाराबद्दल. शेजारच्या टोळीच्या मुनुसामी सरदारानं दुपारी मला जे सांगितलं त्याकडे मी येईनच. आधी माझी बाजू ऐक, कारण जिवंत होतास तेव्हा ती तू अर्धीच ऐकलीस.

माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू पितोंला आलास, आमची पत्र्याची पेटी स्वतः उचलून बसवर चढवलीस आणि आईला नि मला इथे घेऊन आलास. तुझ्या शालूचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तव्यावरचा पहिला फराटा माझ्या ताटात पडायचा. पुढे शालू झाली, तरी तो माझ्याच ताटात पडत राहिला. या घरात मी दुसऱ्या कुणाची मुलगी आहे, असं मला कधी वाटू दिलं नाहीस. म्हणूनच पुढचं सगळं मला एवढं लागलं.

टोपल्या तपासायची तुझी रीत अजून डोळ्यांपुढे आहे. दुसऱ्या टोळ्यांचे सरदार काट्यावर पान टाकायचे, वजन सांगायचे, की झालं. तू टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तळातून मूठभर पान वर काढायचास. वरवर कोवळं पसरून तळाशी जून पान दडवणाऱ्या बायका तुला चांगल्या ठाऊक होत्या. मूठ तळहातावर उघडायचास आणि अंगठ्यानं एकेक बाजूला करायचास, दोन पानं आणि कोंब, दोन पानं आणि कोंब. मध्येच एखादं जाड पान निघालं की ते त्या बाईच्या हातात ठेवायचास, एक शब्द न बोलता. ते पान हातात धरून उभं राहण्यापेक्षा शिवी परवडली, असं आमच्या टोळीतली बसंती म्हणायची.

ओळींचंही तसंच. ओढ्याकडच्या खालच्या ओळींत झुडपं खुरटलेली, घोट्यापर्यंत चिखल. वरच्या ओळींत पानच पान. तू दर सोमवारी ओळी बदलायचास. मग ती कुणी म्हातारी असो, भांडखोर असो की तुझी पुतणी असो. जिला सदा चिखलात उभं केलं तिचं काम वजनावरून ठरवायचं, हे तुला कधी पटलं नाही. पावसात पान भिजून जड होतं म्हणून पावसाळी दिवसाच्या वजनावर तू कुणाची पाठ थोपटली नाहीस. "ती शाबासकी पावसाला देऊन टाका," म्हणायचास. एकदा मी तुला विचारलं होतं की एखादी बाई चांगली काम करते हे तू किती दिवसांत ओळखतोस. तू म्हणालास, "एका दिवसात ओळखतो. पण चूक ओळखतो. म्हणून वर्षभर थांबतो."

मग ते मोठं वादळ आलं आणि कारखान्याचं छप्पर घेऊन गेलं. पुन्हा बांधताना तिथे निवडणीची नवी खोली झाली. वाळलेल्या चहातून काड्या वेचायच्या. काम बसून, छपराखाली, कोरड्या अंगानं. आमच्या टोळीतून दोघींना तिथे घेणार होते. ऑफिसात नवीन आलेल्या मिस्येनं, म्हणजे साहेबानं, छापील फॉर्म पाठवला. बाईचं नाव, तिचं वजन आणि पुढे तीनांतला एक शब्द: बों, म्वायेन किंवा फेब्ल. चांगली, मध्यम, कमजोर. मी तो तुला वाचून दाखवला, कारण फ्रेंच वाचणारी घरात मीच. तू पुन्हा वाचायला लावलंस. मग मला बरोबर घेऊन तडक ऑफिसात गेलास.

"मिस्ये," तू क्रेओलमध्ये म्हणालास, "वजन तर काटाच सांगतो. मग सरदार कशाला ठेवलाय?"

मिस्ये हसला. माणूस वाईट नव्हता, तरुण होता. म्हणाला, बरं, प्रत्येकीच्या नावापुढे एक ओळ शेरा लिहा.

त्या एका ओळीसाठी आपण दोघं तीन रविवार जेवणाच्या टेबलाशी बसलो. तू मराठीत सांगायचास, मी फ्रेंचमध्ये लिहायची.

"रोझमे. हळू आहे. पण तिच्या टोपलीत मला जून पान एकदाही मिळालं नाही. बों."

"बसंती. तोंड सारखं चालू."

मी लेखणी थांबवली. "हे लिहू?"

"लिही. पुढं हेही लिही, की तोंड चालतं तेव्हा हात दुप्पट चालतात. बों."

एका बाईच्या नावाशी तू अडलास. मफलर सोडलास, पुन्हा बांधलास. मग म्हणालास, "हिचा नवरा अंथरुणात होता तेव्हा हिचं काम पडलं. ते दोन महिने धरायचे नाहीत. बाकीच्या दिवसांचं लिही."

"असं लिहायला फॉर्मात जागा नाही, काका."

"मग समासात लिही."

मी समासात लिहिलं. मला तुझा किती अभिमान वाटत होता, ते तुला कधी सांगितलं नाही. वाटायचं, कोर्टातला न्यायाधीशही एवढा विचार करत नसेल.

शेवटचं नाव माझं होतं. तू खिडकीबाहेर बघितलंस.

"सुभद्रा. म्वायेन."

"आणि शेरा?"

"शेरा नाही."

एकोणचाळीस बायकांना शेरा होता.

मला माझं काम ठाऊक होतं, काका. वजनात मी तिसरी होते आणि पानात रोझमेच्या मागोमाग. हे मी नाही, बायकाच म्हणायच्या. त्या खोलीसाठी माझा जीव तुटत होता. आदल्या हिवाळ्यात माझी छाती भरली होती, बोटांच्या भेगा चहाच्या रसानं काळ्या पडल्या होत्या. हे तुला माझ्या आईइतकंच माहीत होतं. मी एवढंच विचारलं, "का?"

"लिही, पोरी."

मी लिहिलं. शाळेत ज्या अक्षराचं मास्तर कौतुक करायचे त्याच अक्षरात स्वतःच्या नावापुढे 'म्वायेन' लिहिलं. रोझमे आणि बसंती छपराखाली गेल्या. मी सोमवारी ओढ्याकडच्या ओळीत गेले.

त्यानंतर मी कसा सूड घेतला ते आठवतंय ना? घरातही तुला 'सरदार, तुम्ही' म्हणू लागले. "सरदार, भात वाढू का तुम्हाला?" आई डोळे वटारायची. काकी म्हणायची, अगो, पुरे आता. छोट्या शालूला त्यात गंमत वाटायची, तीही तुला सरदार म्हणून हाका मारायची. तू खाली मान घालून जेवायचास. मला वाटायचं, बरं झालं, लागू दे. तू एकदा जरी ओरडला असतास तर मी तिथेच संपवलं असतं. तू ओरडला नाहीस.

हिवाळ्यात माझी छाती पुन्हा भरली. तू निलगिरीचा पाला तोडून आणायचास, स्वतः पाणी उकळायचास, घमेलं माझ्यापुढे ठेवून वरून चादर धरायचास. चादरीच्या आत मी, बाहेर तू. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून मला धीर आला असावा. किती महिन्यांनी मी पुन्हा काका म्हटलं.

"काका, खरं सांग. माझ्या जागी दुसऱ्या कुणाची पोर असती तर काय लिहायला लावलं असतंस?"

तू चादरीची कड सारखी केलीस. मग म्हणालास, "लोक बोलले असते, सरदारानं पुतणीला आत घातलं. मग रोझमेचं नावही खोटं ठरलं असतं. सगळी यादीच खोटी ठरली असती."

"आणि मला खाली ढकललं म्हणून ती खरी झाली?"

चादर जरा हलली.

"वाफ जाऊ देऊ नको," तू म्हणालास. "नीट ओढून घे."

आपला वाद तिथे जो थांबला तो थांबलाच. मी मनाशी ठरवून टाकलं, की तुला तुझं नाव स्वच्छ ठेवायचं होतं आणि ते धुवायला तू माझं एक वर्ष वापरलंस.

पुढच्या वर्षी फॉर्म भरायचे दिवस आले, तेव्हा महिनाभर तू माझ्या टोपलीला हात लावला नाहीस. शेजारच्या टोळीचा सरदार मुनुसामी यायचा. तो टोपली गोणपाटावर पालथीच करायचा आणि गुडघ्यावर बसून बघायचा. त्याची सून त्याच्याच टोळीत होती, तिची टोपली बघायला तू जायचास. मला वाटलं, मिस्येचा काही नवा हुकूम असेल. मनातून बरंच वाटलं. चला, परका माणूस तरी नीट बघेल. मुनुसामीनं माझ्या नावापुढे बों लिहायला लावलं आणि शेरा दिला, 'हात स्वच्छ.' मला निवडणीच्या खोलीत घेतलं.

त्या संध्याकाळी मी तुला ऐकवलं, "परक्याला दिसलं, काका. घरच्याला नाही दिसलं."

"हो ना," तू म्हणालास. बस. दुसऱ्या दिवशी काकीला शेवयांची खीर करायला लावलीस आणि स्वतः दोनदा मागून घेतलीस.

मग दिवस भराभर गेले. माझं लग्न झालं, मी क्वात्र बॉर्नला राहायला गेले, पण काम सोडलं नाही. रोज बसनं वर येत राहिले. त्याच खोलीची मुकादम झाले. रविवारी मी आले की तू माझी उलटतपासणी घ्यायचास. तुझ्या पोरी काड्या किती ठेवतात? तू थाळी वरून बघतेस की तळातून? मी एकदा तुला सांगितलं, की खिडकीपाशी बसणाऱ्या पोरींना काड्या दिसतात आणि कोपऱ्यातल्यांना दिसत नाहीत, म्हणून मी दर सोमवारी जागा बदलते. तू एवढा हसलास की खोकल्याची उबळ आली, काकी पाणी घेऊन धावली. माझ्या हाताखालच्या पोरी म्हणतात, मी बघून-सवरून बोलते. मी ते कुणाकडून शिकले हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. या बाकावर बसून हे लिहिताना ते पहिल्यांदा कबूल करतेय. पण त्या वर्षाबद्दल तू कधी बोलला नाहीस आणि मी पुन्हा विचारलं नाही.

आज मुनुसामी आला होता. काठी टेकत, लेकाचा हात धरून. जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला.

"तुझ्या काकानं तेव्हा मला मोठ्या फेऱ्यात टाकलं होतं," तो म्हणाला. "तुला ठाऊक नसेल. सांगायचं नाही असं त्यानं बजावलं होतं. पण आता तो थोडाच भांडायला येतोय?"

मग त्यानं सांगितलं. तू एका रविवारी त्याच्या घरी गेलास. चहा घेतला नाहीस, उभ्यानंच बोललास. "मुनुसामी, माझ्या पुतणीच्या टोपलीत हात घातला की मला पान दिसत नाही, भावाची पोर दिसते. चांगलं दिसलं तर वाटतं, मायेनं दिसतंय. वाईट दिसलं तर वाटतं, लोकांच्या भीतीनं दिसतंय. गेल्या वर्षी मी चुकलो. आता तू बघ."

दोघं मिळून ऑफिसात गेलात. मिस्ये आधी हसला, मग नाही म्हणाला. ज्याची टोळी त्यानंच जोखायची. तेव्हा तू म्हणालास, "मग तिच्या नावापुढं असं लिहा, की सरदाराला हिचं काम जोखता येत नाही." मिस्ये म्हणाला, असं लिहिलं तर तो शेरा तिच्या नाही, तुझ्या नावावर बसेल. "बसू दे," तू म्हणालास. मिस्येनं ते लिहिलं आणि मगच मुनुसामीला परवानगी दिली.

"सगळ्या टोळ्यांवरचा मोठा सरदार त्या वर्षी तोच होणार होता," मुनुसामी म्हणाला. "तो शेरा वाचून वरच्यांनी दुसऱ्याला केलं."

मला ते वर्ष आठवलं. काकीनं त्या मोठ्या जागेसाठी तुला नवा कोट शिवायला टाकला होता. मग एक दिवस तू सांगितलंस की ते काही होत नाही. मी विचारलं तर म्हणालास, "मोठ्या सरदाराला अजून वरच्या मळ्यात फिरावं लागतं. तिथं थंडी फार." आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले, काका.

मुनुसामी गेल्यावर मी मोरीपाशी जाऊन भांडी घासत बसले. काकी म्हणाली, ठेव ती, बायका आहेत. मला थांबता येईना. गेल्या वर्षी मी चुकलो. हे चार शब्द तू मुनुसामीच्या दारात जाऊन बोललास. माझ्याशी का नाही बोललास? मी चादरीच्या आत होते, तू एका हाताच्या अंतरावर होतास. मी लगेच विरघळले असते. तू मला त्या महिन्याचं श्रेयही परक्याला देऊ दिलंस आणि वर खीर खाल्लीस. तुझं मोठेपण बघून रडू येतं आणि रागही येतो, दोन्ही एकदमच.

आणि आणखी एक गोष्ट आहे, जी तुला माहीत नाही.

शालू आता माझ्याच खोलीत कामाला आहे. तुझी शालू. एका मुलीला चहा चाखायला शिकवणार आहेत, तिचं नाव मी द्यायचंय. माझ्या टेबलाच्या खणात शालूचा फॉर्म पडलाय. त्यावर मी पेन्सिलीनं 'म्वायेन' लिहून ठेवलंय, तुझं कार्य झालं की शाईनं गिरवायचं म्हणून. शालू म्वायेन नाही. लोक काय म्हणतील, या विचारानं माझा हात आपोआप तिकडे गेला होता. ज्या गोष्टीसाठी तुला कित्येक महिने छळलं, तीच मी केली होती, आणि ती करताना मला तुझी आठवणसुद्धा झाली नव्हती.

रोझमे निघाली होती. ती आता डबे भरण्याच्या खोलीची मुकादम आहे. मी धावत जाऊन तिला फाटकाशी गाठलं.

"रोझमे, महिनाभर शालूच्या थाळ्या तू बघशील? मी नको."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "तो सिर?" नक्की ना? "मी नापासही करीन."

"कर."

"मग मिस्येला तूच सांग."

"सांगते."

ते सोपं होतं. अवघड पुढचं होतं. शालू इथे चहा घेऊन आली. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, तुझं, मुनुसामीचं आणि खणातल्या फॉर्मचं. पेन्सिलीपाशी आले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, 'चहा निवेल, घे आधी.' तुझं ते 'वाफ जाऊ देऊ नको' मला तेव्हा कळलं, काका. पण मी बोलले. "शालू, मी चुकले."

"म्वायेन?" ती म्हणाली. "मी?"

तिनं कप आपटला आणि आत निघून गेली. मी मागे गेले नाही. हे लिहायला घेतलं. तिचा राग खरा आहे, तो तिला करू द्यावा असं वाटलं.

आत्ताच ती परत आलीय. डोळे लाल आहेत. उभ्यानंच विचारलं, "रोझमे फार कडक आहे का गं?"

"फार."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली.

तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. कागदावर वाकून विचारतेय, एवढं काय लिहितेस? मी म्हटलं, तुझ्या बाबांना. म्हणतेय, वाच ना मग मोठ्यानं.

पहिल्या ओळीपासून वाचायला घेते, काका. तूही ऐक.